रिकामा एंटर

कराडचा एक नेटवर्क इंजिनिअर हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी एकही कमांड शिकवत नाही. फक्त विचारतो, "आत्ता तू कुठं आहेस?"

"हितंच की, सर."

मग तो पडद्यावरच्या प्रॉम्प्टवर बोट ठेवतो. पोरगं सांगलीतल्या रॅकमधल्या एखाद्या स्विचवर असतं.

त्या रॅकमध्ये सिस्को 2511 आहे. नव्वदच्या दशकातलं यंत्र, डायल-अपवाल्यांचे मोडेम जोडायच्या काळातलं. पाठीमागच्या दोन ऑक्टल केबलींना आठ-आठ फाटे, म्हणजे सोळा लाइनी, आणि त्या सोळा उपकरणांच्या कन्सोल पोर्टला जोडलेल्या. पाचव्या लाइनीसाठी टेलनेटचा पोर्ट 2005, बारावीसाठी 2012. हे दहा मिनिटांत कळतं. चालू सेशन न तोडता बाजूला ठेवायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि 6 एकदम दाबायचे, तिन्ही सोडायचे आणि मग एक्स. बोटांना हे बसायला मात्र आठवडा जातो.

खरी मेख पुढं आहे. 'शो सेशन्स' मारलं की यादीत एका सेशनपुढं तारा दिसतो. तो शेवटचं वापरलेलं सेशन दाखवतो. अशा वेळी काही न टाइप करता नुसता एंटर दाबला, तर यंत्र थेट त्या ताऱ्याच्या सेशनमध्ये नेऊन सोडतं.

एकदा एका पोराला चाचणीचा स्विच रीलोड करायचा होता. कोअर स्विचचं सेशन बाजूला ठेवून तो बाहेर आला आणि सवयीनं रिकामा एंटर मारला. तारा कोअरवरच होता. आपण चाचणीच्या स्विचवर आलोय असं धरून त्यानं 'रीलोड' टाइप केलं. यंत्रानं खात्री विचारली, त्यानं परत एंटर दाबला. अख्ख्या कार्यालयाचं नेटवर्क बसलं. नाव प्रॉम्प्टमध्ये समोरच होतं, पण त्यानं ते वाचलं नव्हतं. इंजिनिअर त्याच्यावर ओरडला नाही. त्या दिवसापासून नियम एकच: सेशनचा नंबर टाइप करूनच आत जायचं, रिकामा एंटर बंद.

एवढा जपून वापर कशासाठी, ते 2019 च्या ऑगस्टनं दाखवलं. सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी आल्यानं पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. अशा दिवसांत रॅकपर्यंत माणूस जाऊ शकत नाही. मुख्य लिंक गेली तरी मोडेमवरून 2511 मध्ये शिरता आलं, तर कराडात बसून प्रत्येक उपकरणाचा कन्सोल हाताशी येतो. तिथं चुकीच्या यंत्रावर कमांड गेली, तर ती निस्तरायला गाडी काढता येत नाही.

पोरं हमखास विसरतात ती आणखी एक गोष्ट. सेशन तोडलं म्हणजे पलीकडचं उपकरण लॉगआउट झालं असं नाही. कन्सोल एनेबल मोडमध्ये उघडा राहू शकतो आणि पुढं येणाऱ्याला पासवर्डही लागत नाही. म्हणून आधी त्या उपकरणावर 'एक्झिट', मग 'डिसकनेक्ट'. आणि लाइन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणाली, तर बहुतेक वेळा आधीचं कुणाचं तरी सेशन तिथं अडकलेलं असतं. 'क्लिअर लाइन' मारायचं, गरज पडली तर दोनदा. पण त्याआधी त्या लाइनीवर खरंच कुणी काम करत नाही ना, हे फोन करून विचारायचं.

रात्री निघताना इंजिनिअर शेवटचं 'शो सेशन्स' मारतो. 'नो कनेक्शन्स ओपन' दिसलं की मगच खुर्ची सोडतो.