मुफ्त आणि आझाद

"अम्मी, जेन्युइन म्हणजे काय?"

2020 सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. (उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईची मुलगी इंग्रजी शाळेत कशी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा लेख लिहावा लागेल.) नुकते वाचायला शिकलेले मूल दिसेल ते वाचत सुटते. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, रिक्षामागची नावे. त्या संध्याकाळी तिने आमच्या संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात आलेली इंग्रजी ओळ वाचली. विंडोजची ही प्रत अस्सल नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. कितीतरी महिन्यांपासून ती तेथे होती, पण आम्हा मोठ्यांना ती दिसेनाशी झाली होती.

"जेन्युइन म्हणजे अस्सल," मी सांगितले.

"मग आपला कॉम्प्युटर नकली आहे?"

पलंगावर तसबीह घेऊन बसलेले माझे सासरे हसले. मी मात्र हसू शकले नाही. त्याच आठवड्यात आठवीच्या घटक चाचणीत मी एका मुलाची चिठ्ठी पकडली होती आणि सगळ्या वर्गासमोर त्याला दहा मिनिटे इमानदारीवर ऐकवले होते.

आमचा संगणक 2014 साली भिवंडीतून घेतलेला, सेकंडहँड. विकणाऱ्याने सांगितले होते, "विंडोज, उर्दू टायपिंग, मराठी फाँट, सगळे टाकून देतो. तीनशे रुपये वेगळे." त्या तीनशे रुपयांत काय काय आले आणि ते कोणाचे होते, हे आम्ही विचारले नाही. आमच्या ओळखीत कोणीच विचारत नव्हते. मोठ्या कंपनीचे काय बिघडते, असे सगळे म्हणत, आणि मीही म्हणत असे. एवढ्या एका प्रश्नाने मी बदलले असते, असे मला वाटत नाही. पण त्या ओळीने सांगितलेल्या खोटेपणाचा हिशेब पुढच्याच महिन्यात चुकता झाला.

माझे सासरे, त्यांना मी अब्बाच म्हणत असे, खेड तालुक्यातून पोरवयात भिवंडीला आलेले. आयुष्यभर पॉवरलूमच्या कारखान्यांत जॉबर होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण बोलायला बसले की ऐकत राहावे असे वाटे. गावची वाडी, भिवंडीतले पहिले पावसाळे, मुंबईच्या गिरण्यांतून भंगारात आलेले माग, 1970 आणि 1984 च्या दंगली, हे सारे ते सांगत आणि मी रात्री जेवणानंतर उर्दूत टाइप करत असे. दोन वर्षांत चाळीस पाने झाली होती. त्याच संगणकात माझ्या सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणेही होती.

फेब्रुवारीत त्या उर्दू टायपिंगच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मी इंटरनेटवरून उतरवली. अर्थात कुलूप तोडलेली, 'क्रॅक' म्हणतात तशी. दुसऱ्या दिवशी पाहते तो प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेले. एकही उघडेना. सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी होती: फाइली परत हव्या असतील तर डॉलर भरा. पेनड्राइव्हही तेव्हा संगणकालाच लावलेला होता, म्हणून त्यातली प्रतही गेली. कुलूप तोडून आत शिरलेल्या मालाबरोबर चोरही आत आला होता. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

अब्बांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बेटी, कागद गेला. डोक्यात आहे अजून. पुन्हा सांगेन."

माझा एक जुना विद्यार्थी शेजारच्या वळ गावात राहतो. दिवसा गोदामात डेटा एंट्री करायचा, उरलेल्या वेळात डिप्लोमा. मार्चच्या सुरुवातीला मी त्याला बोलावले. तो म्हणाला, "टीचर, फाइली परत येणार नाहीत. पण यापुढे असे होऊ नये असे वाटत असेल तर एक गोष्ट दाखवतो." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून लावला आणि संगणक सुरू केला. विंडोजला हात न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून एक पूर्ण नवी व्यवस्था पडद्यावर उभी राहिली. ती लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती होती. दोन जीबी रॅमचा आमचा म्हातारा संगणक तिच्यावर विंडोजपेक्षा बरा चालला. तासभर वापरून पाहिल्यावर मी म्हटले, "घाल."

"पैसे किती?" अब्बांनी विचारले.

"काही नाही, चाचा. मुफ्त आहे."

अब्बांच्या कपाळावर आठी आली. "तीही चोरीचीच का मग?"

हाच खरा प्रश्न होता. त्या मुलाला उत्तर नीट देता आले नाही. ते मला पुढे वाचून समजून घ्यावे लागले. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम कोणालाही चालवता यावा, उघडून पाहता यावा, बदलता यावा आणि दुसऱ्याला देता यावा, असा त्यांचा आग्रह होता. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा व्यवस्थेचा गाभा लिहायला घेतला, आणि 1992 मध्ये तो ग्नूच्याच परवान्याखाली आणला. हाच लिनक्स. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आतही तोच आहे. या परवान्यात मालकाने स्वतःच लिहून दिलेले असते की घ्या, वापरा, उघडा, वाटा. अट एवढीच, की पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या.

वाडीच्या मालकाने हातात दिलेला आंबा आणि कुंपणावरून उडी मारून तोडलेला आंबा, चव दोन्हींची एकच आणि पैसे दोन्हींचे शून्य. तरी दोन्हींत काय फरक आहे, हे आपल्या घरातल्या पोरालाही कळते. इंग्रजीत एकाच शब्दाने दोन्ही अर्थ सांगतात, म्हणून तिकडच्या लोकांना फार समजावून सांगावे लागते. आपल्याकडे ती अडचण नाही. उर्दूत मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. आम्हाला मिळाले ते मुफ्तही होते, पण मोल होते ते आझाद असण्याला.

अब्बांनी ते आपल्या पद्धतीने समजून घेतले. "म्हणजे मागासारखे," ते म्हणाले. "माग बिघडला तर मी उघडायचो. धोटा अडकला, पट्टा सरकला, जे काय असेल ते डोळ्यांना दिसायचे. एखाद्या शेठने माग दिला आणि सांगितले की आत पाहायचे नाही, तर जॉबर काय करील?" मी स्वतः या व्यवस्थेच्या आत काही पाहू शकत नाही, तेवढे माझे ज्ञान नाही. पण जगात कोणीतरी पाहू शकतो आणि बिघडले तर दुरुस्त करू शकतो, याचा आधार वाटतो. लिनक्सला काही बाधा होतच नाही, असे नव्हे. पण लागणारे बहुतेक सगळे प्रोग्रॅम तिच्या स्वतःच्याच भांडारातून मिळतात. कुलूप तोडलेला माल शोधत अनोळखी दारे ठोठावायची वेळ येत नाही.

त्याच महिन्यात टाळेबंदी आली. दापोड्याच्या रस्त्यावर एरवी रात्रंदिवस कंटेनरांची रांग असते. तेथे शुकशुकाट झाला. घरात आम्ही चौघे आणि एक संगणक. सकाळी माझे ऑनलाइन तास, दुपारी लेकीचे. रात्री अब्बा पुन्हा सांगायला बसू लागले.

उर्दूची मला धास्ती होती. आपली नस्तालिक लिपी ओळीवर तिरकी उतरते, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात. यंत्राला ती फार उशिरा जमली. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांची 'नूरी नस्तालिक' येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिबच्या हातानेच लिहिली जात. पुढे संगणकावर उर्दू आली तीही बराच काळ अशा प्रोग्रॅमांतून, की त्यात लिहिलेले दुसरीकडे उघडत नसे. लिपी आपली, मजकूर आपला, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आता युनिकोडमुळे ते बदलले आहे. 'नोटो नस्तालिक उर्दू' हा मुक्त फाँट 2014 साली आला. लिनक्समध्ये उर्दूचा उच्चारानुसारी कीबोर्ड आधीच असतो, त्यातला एक लाहोरच्या अभ्यासकांनी ठरवलेला आहे. त्याशेजारीच मराठीचा इनस्क्रिप्ट. लिब्रेऑफिसच्या एकाच पानावर मी उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी लिहिते. शाळेत उर्दू, घरात कोकणी, गावात मराठी असे जगणाऱ्या बाईला याचे किती समाधान वाटले असेल, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

अडचणी आल्याच नाहीत, असे सांगितले तर ते खोटे होईल. जुना प्रिंटर पंधरा दिवस रुसून बसला होता. मालकांच्या ऑफिसचा हिशेबाचा प्रोग्रॅम यावर चालत नाही. ते काम ते ऑफिसातच उरकतात. लेकीच्या शाळेत एका ठरावीक प्रोग्रॅमचीच बटणे पाठ करून घेतात. घरी वेगळी पाहून तिचा गोंधळ व्हायचा, आणि एकदा तिचे दोन गुणही गेले. सहकारी म्हणाले, "फुकटच्या वस्तूला किंमत नसते." शाळेची 'सरल' आणि 'यू-डायस'ची कामे मात्र ब्राउझरमधून विनातक्रार होतात. शिकण्यासाठी मला पवईच्या आयआयटी मुंबईतल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचा फार उपयोग झाला. लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे छोटे छोटे धडे त्यात मराठीतही आहेत.

हे काही हौशी लोकांचेच खूळ नाही. केरळात 2001 साली 'आयटी अॅट स्कूल' हा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तेथील सरकारी व अनुदानित शाळांतले संगणकशिक्षण टप्प्याटप्प्याने मुक्त व्यवस्थेवर आले. 2017 साली त्या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. ज्या सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, त्या संस्थेने 2007 साली 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स आणली. मल्याळम मुलांना जे जमते ते आपल्या उर्दू आणि मराठी शाळांतल्या मुलांना का जमू नये? पैसे नाहीत, ही सबब तरी येथे चालत नाही.

अब्बा एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत गेले. पहिल्या वेळी चाळीस पाने झाली होती, दुसऱ्या वेळी सव्वीसच झाली. 1984 चे प्रकरण पुन्हा सांगायचे राहून गेले. त्यांना कोणी घरात घेतले, किती रात्री ठेवले, परतल्यावर कारखान्यात काय उरले होते, हे मी ऐकले होते, टाइपही केले होते. आता आठवते तेवढे लिहून ठेवले आहे, पण ते माझे शब्द आहेत, त्यांचे नाहीत. तीनशे रुपयांचा तो सौदा आम्हाला एवढ्याला पडला.

उरलेली सव्वीस पाने मी मुक्त स्वरूपात ठेवली आहेत. या स्वरूपाला 2006 सालीच आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली आहे. त्याची रचना सगळ्यांसाठी उघडी असल्याने कोणतीही एक कंपनी राहिली काय आणि गेली काय, ती पाने वाचता येतील. माझी लेक तिच्या मुलांना ती दाखवू शकेल. आता एक प्रत घरात, एक माझ्या माहेरी आणि एक छापून कपाटात असते.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे साहाय्य संपले. त्यानंतर आमच्या भागातल्या एका ऑफिसने चालते संगणक भंगारात काढले, कारण नवी आवृत्ती त्यांच्यावर बसत नव्हती. माझ्या त्या विद्यार्थ्याने त्यांतले तीन भंगारवाल्याकडून वजनावर घेतले, साफ केले आणि तिन्हींत लिनक्स घातली. एक आमच्या शेजारच्या आगरी ताईंच्या मुलाला दिला, दोन आमच्या गल्लीतल्या मुलींना.

लेक आता आठवीत आहे. पेनड्राइव्ह तीच तयार करत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "अम्मी, ही कॉपी चालते ना?"

"ही चालते," मी म्हटले. अब्बा असते तर त्यांनी एकदा खात्री करून घेतली असती.