दोन पाळ्यांचा ट्रेक

बाळ झालं की ट्रेकिंग बंद, असं ऑफिसात सगळेच सांगतात. नीट पाहिलं तर बहुतेक घरांत ते फक्त आईचं बंद होतं. बाबा पावसाळ्यात एखादा तरी किल्ला मारून येतोच.

आमची लेक नऊ महिन्यांची झाली, तेव्हा बायकोला गड चढून दीड वर्ष उलटलं होतं. म्हणून डिसेंबरात माहुलीच्या पायथ्याशी एक कौलारू घर तीन दिवसांसाठी घेतलं. आसनगाव स्टेशनपासून पाचेक किलोमीटर. "अरे, तिथे डॉक्टर कुठे?" हा आईचा प्रश्न रास्तच होता. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि गाडी दारात असेल, म्हटल्यावर तिने नाचणीसत्त्वाचा डबा हातात दिला.

आता बाळाला वर न्यायचं का? १६३६ साली शहाजीराजे माहुलीवर वेढ्यात सापडले, तेव्हा जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे सोबत होते. पण गडाच्या माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे, आणि रांगतं मूल छातीशी बांधून ती चढणं आम्हा दोघांनाही पटेना. मग सरळ पाळ्या लावल्या. ऑफिसात नाइट शिफ्टच्या लावतो तशाच!

पहिली पाळी तिची. पहाटे गावातला वाटाड्या घेऊन ती निघाली. मागे मी, लेक आणि आइसबॉक्समधलं दूध. शेजारच्या मावशी मोठ्या मायेने मधाचं बोट चाटवायला आल्या. "मावशी, वर्षाची होऊ दे, मग द्या," म्हटलं. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि एक वर्षाखालच्या बाळाचं पोट त्यांना रोखू शकत नाही. हे सगळं मावशींना कसं सांगायचं? पण त्या हसल्या आणि लेकीला कडेवर घेऊन कोंबड्या दाखवायला गेल्या.

दुपारपर्यंत मी दोन लंगोट धुतले, एकदा अंगाई म्हटली आणि चहा तीनदा गार केला. चारला बायको परतली. घामाने भिजलेली, ढोपर खरचटलेलं. "अरे, पाय अजून चालतात माझे!" एवढंच म्हणाली. तो चेहरा मी दीड वर्षात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून ओढ्यापर्यंत गेलो, लेक कांगारू बॅगेत. तासाभरात तिला भूक लागली, तिथूनच मागे फिरलो. तिसऱ्या दिवशी माझी पाळी. मुरबाडमार्गे वैशाखरे आणि तिथून नाणेघाट. नागनिकेच्या शिलालेखाची लेणी, माथ्यावरचा दगडी रांजण, सगळं एकट्याने पाहिलं. छान वाटलं, पण घड्याळाकडे लक्ष होतं. घरी कुणीतरी माझ्यासाठी चहा गार करत होतं ना!

तर मंडळी, बाळाला घेऊन डोंगरात जायचं असेल तर एका रात्रीचं बुकिंग करू नका. एका दिवसात एकाचीच पाळी होते, आणि ती कुणाची होते हे आपल्याला ठाऊक आहेच.