काळं कशाला गं?

"दिवाळी तोंडावर आलीय आणि हिला काळा ड्रेस हवाय!" लेकीने सोऱ्या ओट्यावर आपटला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे खूळ नातीच्या डोक्यात मीच भरवलं होतं.

२०१९च्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. मी इंदूरहून लेकीकडे, इंग्लंडातल्या लीड्सला गेले होते. नातीला अठरा पूर्ण झाली होती. एखादी सोन्याची साखळी करावी असं मनात होतं. पण नात म्हणाली, "आजी, सोनं नको. व्हिटबीला एक दुकान आहे, तिथे माझ्याबरोबर चल. बस्स!"

नात 'गॉथ' आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. काळे कपडे, काळे बूट, डोळ्यांत बचकभर काजळ. मला आधी वाटलं, पोरगी कसल्या तरी दुःखात आहे. तसं काही नव्हतं. चांगली हसतखेळत दोन पोळ्या जास्त खात होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात पंक संगीतातून हे प्रकरण निघालं, १९८२ साली लंडनच्या सोहोमध्ये 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब निघाला, आणि लीड्स हे तर या मंडळींचं जुनं माहेरघर, असं सगळं तिनेच मला समजावलं.

लेकीचं म्हणणं एकच. काळं अपशकुनी. सणासुदीला तर नकोच नको.

"मग संक्रांतीला तू काळी साडी का नेसतेस? आणि मंगळसूत्रात काळे मणी कसे चालतात?" नातीने विचारलं.

लेक गप्प. मीही गप्प. तुम्हीच सांगा, काय उत्तर देणार? मी स्वतः लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून मिरवले होते. शेवटी मी म्हटलं, "मी जाते हिच्याबरोबर. बघून तर येऊ."

लीड्सहून व्हिटबीची बस तीन तासांहून जास्तच घेते. यॉर्क मागे पडलं की पुढे नुसती ओसाड माळरानं लागतात, आणि मग एकदम समुद्र. गाव लहान, कोळ्यांचं. टेकडीवर पडक्या मठाचे उंच खांब, आणि तिथल्या चर्चपर्यंत १९९ पायऱ्या. (मी त्या चढले. गुडघ्यांनी पुढे दोन दिवस आठवण ठेवली.) ब्रॅम स्टोकर नावाचा लेखक १८९० साली इथे येऊन राहिला होता. १८९७ साली त्याची 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली, आणि त्या कादंबरीतलं जहाज याच किनाऱ्याला लागतं. म्हणून १९९४पासून गॉथ मंडळी इथे जत्रेसारखी जमतात. नातीला त्यासाठीच ड्रेस हवा होता.

आणखी एक गोष्ट इथली. जेट! कोळशासारखा काळा, वजनाला हलका, घासला की आरशासारखा चमकणारा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं खोड गाडलं जाऊन तो होतो. १८६१ साली नवरा गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने मरेपर्यंत, म्हणजे १९०१पर्यंत, काळे कपडे सोडले नाहीत. तिच्या काळात जेटचे दागिने म्हणजे शोकाचे दागिने, आणि व्हिटबीच्या कारागिरांना भरपूर काम. दुकानाच्या काचेत तशी एक माळ पाहिली आणि गंमत वाटली. तेच काळे मणी, त्यांच्याकडे नवरा गेल्याचे आणि आपल्याकडे तो असल्याचे.

दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, खालची खोली आणि वरची खोली. मालकीण पन्नाशीची, केस जांभळे. कंपनीचा माल नाहीच. निम्मे कपडे ती वरच्या खोलीत स्वतः शिवते, बाकीचे ओळखीच्या शिवणाऱ्यांकडून घेते. आत शिरल्यावर मला क्षणभर काहीच दिसेना. सगळंच काळं! पण डोळे सरावले आणि मग एकेक दिसू लागलं. मखमलीचं काळं दाट, साटिनचं चकचकीत, सुती कापडाचं जरासं तपकिरीकडे झुकलेलं, लेसचं तर धुरासारखं. इंदूरला तीस वर्षं मी घरी ब्लाउज शिवले. काळ्या साडीला मॅचिंग अस्तर आणताना किती हेलपाटे पडतात, ते शिवणारीलाच ठाऊक. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेलं काळं उन्हात हमखास दगा देतं.

नातीने एक कॉर्सेट आणि कळ्यांचा लांब घागरा निवडला. कॉर्सेट म्हणजे कंबर आवळणारी चोळीच. पुढे पोलादी पट्टीवर हूक, मागे नाडी. मी आधी तो उलटा केला. आतल्या शिवणी पाहिल्या. कंबरेशी आतून मजबूत फीत लावलेली होती, म्हणजे ताण कापडावर येणार नव्हता. काड्या वाकवून पाहिल्या. स्वस्तातल्या कॉर्सेटला प्लॅस्टिकच्या काड्या असतात. त्या अंगाच्या उबेने वाकतात आणि बरगडीत टोचतात. या पोलादाच्या होत्या. मग घागरा घेऊन मी सरळ दाराबाहेर गेले आणि दोन्ही काळी उजेडात ताडून पाहिली. मालकीण हसायला लागली. गिऱ्हाईक आधी आरसा बघतं, म्हणाली, आतली शिवण बघणारी तुम्हीच.

मग आमची दोघींची जी गट्टी जमली! माझं इंग्रजी बेताचं, पण कळी, दुमड, चुणी यांना भाषा कुठे लागते? कॉर्सेट घालताना नाडी आधी पूर्ण सैल करायची, मग पुढचे हूक लावायचे आणि मग मागून हळूहळू आवळायचं, नाहीतर पुढची पट्टी वाकते, हे तिने मला दाखवलं. घागऱ्याची घेराची दुमड हाताने कशी घालतात ते मी तिला दाखवलं. किंमत दोन्हींची मिळून १४० पौंड. मी मनातल्या मनात नव्वदने गुणलं. साडेबारा हजार! साखळीच बरी होती, असं वाटून गेलं. पण आरशासमोर पोरगी ताठ उभी होती. एरवी खांदे पाडून चालणारी. मी पैसे मोजले.

बसला वेळ होता म्हणून आम्ही वेस्ट क्लिफवर गेलो. तिथे नातीने मला एक बाक दाखवला. सोफी लँकेस्टर नावाच्या मुलीच्या आठवणीसाठी ठेवलेला. वय वीस. ऑगस्ट २००७मध्ये लँकेशायरमधल्या बेकप गावच्या बागेतून ती आपल्या मित्राबरोबर जात होती. काही पोरांनी त्याला मारायला सुरुवात केली. तो खाली पडला, तेव्हा त्याचं डोकं वाचवायला ती त्याच्यावर वाकली, तर तिलाच लाथांनी तुडवलं. तेरा दिवसांनी ती गेली. कारण काय, तर त्या दोघांचे कपडे वेगळे होते. पुढे तिच्या आईने तिच्या नावाने संस्था काढली, शाळाशाळांतून बोलत फिरली. २०१३ साली मँचेस्टरच्या पोलिसांनी असे हल्ले द्वेषाचे गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

"आईला नको सांगूस," नात म्हणाली. "आधीच घाबरट आहे."

मांडीवरची पिशवी एकाएकी जड झाली. वाटलं, परत जावं आणि पैसे मागावेत. नातीने माझा हात धरला होता. मी काही बोलले नाही. परतीच्या बसमध्ये ती झोपली, मी जागी.

लीड्सला उतरलो, तर लेक थांब्यावर थंडीत उभी. सहा वेळा फोन केला म्हणे. घरी आल्यावर नात वर गेली आणि मला राहवलं नाही. मी ओट्याशी उभी राहून विचारलं, "सोफी नावाची मुलगी होती, तुला माहीत आहे?"

चकलीचं पीठ मळता मळता लेकीचे हात थांबले.

"आम्ही तेव्हा मँचेस्टरलाच होतो, आई. तिची आई टीव्हीवर बोलत होती. आणि ही माझ्या मांडीवर."

"मग अपशकुन, अपशकुन काय लावलं होतंस?"

"मग काय सांगू? मला भीती वाटते म्हणून? अठरा वर्षांच्या मुलीला?"

जिन्यावर पावलं वाजली. नात खाली आली; घागरा घातलेला, कॉर्सेटचे हूक लावलेले, मागची नाडी लोंबतेय. आईला पाहून थबकली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आजी, जरा बांधतेस?"

मी पुढे झाले, तर लेकीने मला हातानेच थांबवलं. नळाखाली हात धुतले, पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि नाडीची दोन्ही टोकं हातात घेतली.

"आधी कंबरेपाशी ओढ," मी म्हटलं, "मग वर आणि खाली."

"जत्रेला कोण कोण आहे बरोबर?" तिने नातीला विचारलं.

"चौघीजणी आहोत."

"परतायची बस कितीची?"

"आई, जरा सैल."

"सरळ उभी राहा. बस कितीची, ते सांग आधी."