आईची किटली

गेल्या वर्षी पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली. सकाळी सहाला पडली आणि आठ वाजता दूध घालणारा पोरगा आला तेव्हा कळलं. दोन तास ती ओल्या फरशीवर होती. हाड मोडलं नाही, पण आमची झोप मोडली. "माझ्याकडे बेळगावला चल" म्हटलं, तर तिचं ठरलेलं उत्तर. "माझी बस्ती इथं हाय, मी कशाला येऊ?" चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावात घरापासून बस्ती शंभरेक पावलांवर. रोजचं दर्शन सोडून ती लेकीच्या घरी राहणार नाही, हे मला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे.

मग पुण्याच्या भाच्यानं मनावर घेतलं. तो सॉफ्टवेअरमधला. आधी म्हणाला, कॅमेरा लावू. आई म्हणाली, "माझा पदर सरकला तरी पुण्यात दिसायचा. नको रे बाबा." मी तिच्याच बाजूची. मग घड्याळ आलं. माणूस पडला की आपणहून ओळखणारं घड्याळ अ‍ॅपलनं २०१८ मध्ये आणलं, आता इतरांचीही मिळतात. आमचं आठ दिवस टिकलं. आई रोज सामायिकाला बसते. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जागचं हलायचं नाही. आणि हे घड्याळ मध्येच मनगटावर गुरगुरायचं, उठा, चाला! ज्यानं केलं त्याच्या लेखी माणूस स्वस्थ बसला म्हणजे काहीतरी बिघडलंच. आईनं ते काढून पत्र्याच्या डब्यात ठेवलं, तिथंही ते दोन दिवस गुरगुरत होतं म्हणे.

तेव्हा भाच्यानं जपानची गोष्ट सांगितली. १९९६ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा घरातच उपासमारीनं गेले, शेजारच्यांना पत्ता नाही. त्यानंतर झोजिरुशी नावाच्या ओसाकाच्या कंपनीनं २००१ मध्ये पाणी तापवायचं एक भांडं काढलं. जपानी म्हातारी माणसं दिवसभर चहा पितात. भांड्यातून पाणी घेतलं की त्याची नोंद होते आणि लांबच्या मुलांना ई-मेल जातो. कॅमेरा नाही, मनगटाला काही बांधायचं नाही. म्हातारीनं फक्त नेहमीचा चहा करायचा. मला हे फार आवडलं. कुणीतरी आधी तिचा दिवस बघितला आणि मग यंत्र केलं.

आई चहा पीत नाही, पण पाणी उकळलेलंच पिते. मध्यंतरी गॅस चालू राहिल्यापासून विजेची किटली घेतली होती. भाच्यानं त्या किटलीला इंटरनेटवरचा प्लग लावला. सकाळी नऊपर्यंत किटली चालली नाही तर त्याला आणि मला निरोप. (गावची वीज गेली तरी निरोप यायचा. त्याची सवय झाली.)

दोन महिने झाले आणि एका अष्टमीला निरोप आला. भाच्याला तिथी कुठली ठाऊक! मी पाहुण्यांच्या गडबडीत, मलाही सुचलं नाही. आई फोन उचलेना. शेजारच्या अक्कांना सांगितलं, त्यांनी दार वाजवलं. आतून कडी. चार माणसं जमली, सुताराला बोलावणं गेलं. तो पटाशी लावणार तेवढ्यात आईनं दार उघडलं. निर्जळ उपवास, त्यात सामायिकाला बसलेली. "ऐकू येत होतं सगळं. पण दोन घटका पुऱ्या व्हायच्या होत्या," म्हणाली. इकडे मी देवघरासमोर बसून रडत होते.

भाचा म्हणाला, "आजी, उपवासाला पाणी पिऊ नकोस, पण किटली दोन मिनिटं चालू तरी कर." त्यावर आई म्हणाली, "पिणार न्हाई ते पाणी उकळू? तुझ्या मोबाईलसाठी किती जीव मारू?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

त्याच रात्री आई सहज बोलली, "किटली लावल्यापासून तुझा फोन येईना झालाय." मी चपापले. आधी रोज सकाळी फोन करायची मी. आता मोबाईलवर किटली चालू दिसली की हुश्श करून कामाला लागायची. आई उठली एवढं कळायचं. गुडघा दुखतोय का, रात्री झोप लागली का, हे किटलीला कुठलं कळायला? आणि मला वाटत होतं, मी तिची काळजी घेतेय.

प्लग काढला नाही. तो हवाच. पण अष्टमी-चतुर्दशीला मी लाल पेनानं कालनिर्णयवर खुणा केल्यात. त्या दिवशी सामायिक झाल्यावर मी फोन करायचा, असं ठरलं. महिन्याचे चार.

परवा आईचाच फोन आला. पंचमीलाही खूण कर म्हणाली.

"पंचमीचा उपवास कधीपासून धरलास?"

"ह्या महिन्यापासून. फोन कर तेवढा."