हळद्याची उन्हाळी

२००९ च्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मीटरच्या खोक्याखाली एक पिल्लू ओरडत बसलं होतं. दीड महिन्याचं असेल. पिवळट अंगावर गडद पट्टे होते, म्हणून आईने त्याचं नाव हळद्या ठेवलं. पुढच्या वर्षी त्याची नसबंदी केली. तळमजल्याचं घर, मागचं दार दिवसभर उघडं. दाराबाहेर प्राजक्ताचं झाड होतं, त्याखालची भुसभुशीत माती हाच त्याचा संडास. उकरायचा, बसायचा, पुन्हा नीट माती ओढायचा. पाच वर्षांत घरात एकदाही त्याने घाण केली नाही.

२०१४ च्या मे महिन्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. खिडक्यांना जाळ्या, दार कायम बंद, पॅसेजमध्ये समोरच्यांचा कुत्रा, वरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर ड्रिलिंग. हळद्यासाठी मी एका घमेल्यात वाळू भरली आणि वास नको म्हणून ते बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या मागे सारलं. मशीन पाणी पिळायला लागलं की सगळी भिंत थरथरायची. तो विधी उरकत असताना असं किती वेळा झालं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

जुलैत सुरुवात झाली. तासाभरात आठ-नऊ वेळा घमेल्यात जाऊन बसायचा, नुसताच उठायचा. मग आईच्या सतरंजीवर, मग थेट बेसिनमध्ये. पांढऱ्या बेसिनवर गुलाबी थेंब दिसला तेव्हा आई म्हणाली, "अगं, त्याला उन्हाळी लागली आहे." तिने धने-जिरे भिजवून पाणी केलं. त्याने त्याचा नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी मात्र चिडले होते. घर बदललं म्हणून हा सूड घेतो आहे, असं मला वाटत होतं. सतरंजी धुताना मी त्याच्यावर ओरडले. तो कपाटाखाली गेला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. ते ओरडणं मला आजही सलतं.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. जंतुसंसर्ग म्हणून इंजेक्शनं दिली, पाच दिवसांत बरा झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा पाच दिवस. औषध लागू पडतंय असं आम्ही धरून चाललो. हा त्रास बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप ओसरतो आणि कारण तसंच राहिलं तर परत येतो, हे पुढे कळलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपासून तो कुंथत होता. मला वाटलं, बद्धकोष्ठ झालं आहे. संध्याकाळी फटाके सुरू झाले. रात्री नऊला त्याने ओकारी काढली आणि बाथरूमच्या गार फरशीवर आडवा झाला. पोटाला हात लावला तर आत मोसंब्याएवढा टणक गोळा. हात लावताच तो ज्या आवाजात ओरडला, तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

टोपलीवर आईचं जुनं पातळ टाकून रिक्षाने निघालो. तिसऱ्या ठिकाणी दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टर तरुण होत्या, एकट्याच होत्या. त्यांनी पोट चाचपलं आणि हातातलं सगळं बाजूला ठेवलं. लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. सूज, चिकट स्राव आणि लघवीतले स्फटिक म्हणजे बारीक रवाळ कण यांचं बूच त्यात बसतं. मग लघवीबरोबर बाहेर पडायचं ते रक्तात साठत जातं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घातली. तीन दिवस तो सलाइनवर होता.

सोनोग्राफीत मूतखडा नव्हता. लघवी तपासायला पाठवली, त्यात जंतूही वाढले नाहीत. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि औषधाबद्दल नाही, घराबद्दल विचारायला लागल्या. घर कधी बदललं? घमेलं कुठे आहे? पाणी कुठे ठेवता? घरात आवाज कसला असतो? त्याला लपायला जागा आहे का?

"आजी, हा सूड घेत नव्हता," त्या आईला म्हणाल्या. "गार, गुळगुळीत जागी जळजळ कमी होईल असं वाटून तो बेसिनमध्ये जात होता."

मूत्राशयाला आतून एक संरक्षक अस्तर असतं. काही मांजरांत ते विरळ पडतं आणि लघवी थेट नसांना झोंबते. ताण आला की हीच मांजरं आजारी पडतात, कारण त्यांची मज्जासंस्था सतत धोक्याच्या तयारीत असते. तरुण मांजरांत जंतूंमुळे असा त्रास क्वचितच होतो. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं. मूत्राशयापलीकडे सगळ्या शरीरात त्याची मुळं दिसतात म्हणून त्यांनी त्याला पँडोरा सिंड्रोम हे नाव सुचवलं. त्यांच्या गटाने ३२ मांजरांवर ७७ आठवडे नजर ठेवली होती. त्यांतली काही आजारी होती, काही ठणठणीत. माणसं बदलली, वेळा बदलल्या की ठणठणीत मांजरंसुद्धा ओकायची, खाणं टाकायची, घमेल्याबाहेर घाण करायची. बायकांना जंतूंशिवाय होणारी मूत्राशयाची जुनाट जळजळ समजून घ्यायला या मांजरांचा अभ्यास उपयोगी पडला, असंही डॉक्टर म्हणाल्या.

आई इतका वेळ गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मग मला कुणी का नाही विचारलं, घर कधी बदललं म्हणून?"

नव्या घरात आल्यापासून तिलाही वारंवार उन्हाळी लागत होती. दोनदा तपासणी झाली होती, दोन्ही वेळा काही सापडलं नव्हतं. मला ते माहीत होतं. तिचं दुखणं हळद्याच्या दुखण्याशेजारी ठेवून बघायला मात्र मला सहा महिने लागले.

त्यानंतर घर हळद्याच्या बाजूने लावलं. मशीनमागचं घमेलं गेलं. एका मांजराला दोन जागा हव्यात असा डॉक्टरांचा आग्रह होता, म्हणून दोन रुंद, बसके टब आणले. एक आईच्या खोलीत, एक हॉलच्या कोपऱ्यात, जिथून त्याला दोन्ही दारं दिसतील. बिनवासाची बारीक वाळू घातली, रोज दोनदा साफ केली. आईने आयुष्यभराची फिनाईलची सवय सोडली, कारण मांजराच्या यकृताला ते पचत नाही, पंजाला लागलं तरी चाटण्यातून पोटात जातं. नौपाड्याची गोधडी न धुता कपाटाच्या माथ्यावर घातली. तिच्यावर त्याच्या गालांचा वास होता. तिथे बसून तो खोलीभर नजर ठेवायचा.

सगळ्यात मोठा फरक पडला तो पाण्याने. लघवी जितकी पातळ तितकी जळजळ कमी. कोरडं खाणं बंद करून शिजवलेल्या चिकनमध्ये कोमट पाणी घालून द्यायला लागलो. मीठ नाही आणि मांजराला विषारी म्हणून कांदा-लसूणही नाही. त्याच्या जोडीला पाकिटातलं ओलं खाणं, म्हणजे पोषण कमी पडू नये. पाण्याचे रुंद वाडगे जेवणापासून लांब, तीन ठिकाणी. वरच्या बाईंकडून ड्रिलिंगच्या वेळा विचारून घेतल्या. त्या वेळेत आई त्याला घेऊन आतल्या खोलीत पंखा लावून बसायची. संध्याकाळी सातला काठीला दोरी बांधून शिकारीचा खेळ, मग जेवण. ही वेळ आईने साडेतीन वर्षांत चुकवली नाही. तीही आतल्या खोलीत दुपारी झोपायला लागली. पहिल्या वर्षात हळद्याला दोनदा हलका त्रास झाला, पुन्हा तुंबलं मात्र कधीच नाही.

२०१८ मध्ये नौपाड्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये परतलो, चौथ्या मजल्यावर. सामान हलवायच्या दोन दिवस आधी एक खोली त्याच्यासाठी लावून ठेवली: एक टब, गोधडी, पाणी आणि आईची खुर्ची. आठवडाभर तो आणि आई त्याच खोलीत राहिले. मग त्याने स्वतःच दार ओलांडलं. प्राजक्त मात्र राहिला नव्हता.

२०२३ मध्ये चौदाव्या वर्षी म्हातारपणी मूत्रपिंडं थकून हळद्या गेला, आईच्या खुर्चीखाली.

तुमच्याकडे बोका असेल आणि तो वारंवार मातीत बसून कोरडाच उठत असेल, तर त्याला बद्धकोष्ठ झालं आहे असं समजू नका, घरातलं माणसाचं औषध देऊ नका आणि सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा.