दोन नांवें, एक दार

आमच्या मातोश्रींस माहेरीं एका नांवानें हांक मारीत, सासरीं दुसऱ्या. टपालवाला मात्र दोन्ही नांवांचीं पत्रें बिनचूक आमच्याच दारीं आणून देई. त्याची आठवण आम्हांस गेल्या वर्षीं एका रात्रीं फार झाली.

त्या रात्रीं बारा वाजतां एका शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत होती. शेजारचे एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. संकेतस्थळानें 'युजरनेम' विचारलें. त्यांनीं ईमेलचा पत्ता घातला. 'नांव अथवा पासवर्ड चुकीचा' असें उत्तर आलें. पासवर्डच चुकला असावा असें समजून त्यांनीं तो दोनदां बदलून पाहिला, तों दार कांहीं वेळ बंदच झालें. वास्तविक पासवर्ड पहिलाच खरा होता. मुलीचें साधें नांव आधींच कोणी घेतलेलें असल्यामुळें नोंदणीच्या वेळीं तिनें पुढें कांहीं आंकडे जोडले होते, आणि ते कोणासच आठवत नव्हते. ते सांपडेपर्यंत बारा वाजून गेले. मुलगी मुकाट्यानें उभी होती.

ईमेलचा पत्ता रोज लागतो, म्हणून तो ध्यानांत राहतो; युजरनेम एकदां घ्यावयाचें आणि विसरावयाचें. मग दोहोंपैकीं कोणतेंही चालावें, हें उघड आहे. वर्डप्रेसनें ही सोय २०१६ सालीं केली. काम फारसें अवघड नाहीं. पत्त्यांत 'ॲट' हें चिन्ह असतेंच (रे टॉमलिन्सन यांनीं तें १९७१ सालीं योजिलें). तें दिसलें कीं पत्त्यांच्या यादींत शोधावें, एरवीं नांवांच्या. मात्र युजरनेमांत त्या चिन्हास बंदी हवी. नाहीं तर कोणी लबाड आपला पत्ताच स्वतःचें नांव म्हणून घेईल, आणि यंत्रास दोघांतला भेद कळणार नाहीं.

खरी अडचण आमच्या घरांतलीच आहे. वडिलांच्या एकाच पत्त्यावर तिन्ही भावंडांचीं खातीं! तेथें पत्त्यावरून यंत्रानें कोणास ओळखावें? अशा ठिकाणीं युजरनेमच कामास येतें; म्हणून तें काढून टाकावें, असें आम्ही म्हणत नाहीं.

चूक नांवाची कीं पासवर्डाची, हें यंत्र मुद्दामच सांगत नाहीं. सांगितलें तर कोणाचें खातें आहे व कोणाचें नाहीं, हें चोरास कळेल. ही सावधगिरी आम्हांस मान्य आहे. परंतु मग रकान्यावर काय लिहावयाचें, हें तरी स्पष्ट लिहावें. आणि शक्य तेथें दोन्ही नांवें ओळखावीं.

तो अर्ज राहिला तो राहिलाच. यंदां त्या मुलीनें आपलें युजरनेम वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेविलें आहे. पासवर्डही लिहूं काय, असें तिनें विचारलें. तेवढें मात्र आम्हीं लिहूं दिलें नाहीं.