ओरखडा, चरा आणि टवका

वाहनाच्या अंगावरील जखमांसाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके रकाने विम्याच्या छापील अर्जातही नसतात. ओरखडा, चरा, टवका, पोचा. यांतला एकही शब्द मोटारीसाठी घडलेला नाही. ओरखडा मांजराच्या नखाचा, टवका चिनी मातीच्या बशीचा, पोचा तांब्या-कळशीचा, आणि चरा तर चर खणण्याच्या कुळातला. मोटार घरात आली तेव्हा आपल्या लोकांनी नव्या शब्दांचा खटाटोप न करता स्वयंपाकघरातले आणि अंगणातले शब्दच तिच्या अंगावर चढवले. या शब्दांत एक तारतम्य आहे, आणि आडरानात गाडी घालणाऱ्या माणसाला ते फार उपयोगी पडते. ओरखड्याचे औषध टवक्याला चालत नाही.

आमचे घर सिल्वासात आणि आंब्या-चिकूची वाडी खडोलीस. वडील नोकरीनिमित्त १९६२ साली येथे आले, म्हणजे दादरा-नगर हवेलीचे भारतात रीतसर विलीनीकरण झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्यांच्या कचेरीत एक जीप होती. मुंबईत महिंद्र कंपनीने विलीस जीपचे सुटे भाग आणून गाड्या जुळवायला १९४७ साली आरंभ केला होता. त्याच घराण्यातली ही एक. तिला ओरखडा पडला म्हणून कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही. वर्षातून एकदा, बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर, शिपाई इनॅमलचा डबा आणि दोन इंची ब्रश घेऊन बसत असे आणि दाराखिडक्यांना रंग द्यावा तसा जीपला देत असे. ब्रशाच्या रेघा दिसत. त्या दिसू नयेत अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आमच्या वाट्याला आलेली गाडी मात्र रुपेरी रंगाची बोलेरो. ती आम्ही २०१३ साली घेतली. खडोलीपर्यंत डांबरी रस्ता आहे. कारखान्यांचे ट्रकही त्याच रस्त्याने धावतात. खरी वाट सुरू होते ती खानवेलच्या पुढे, मधुबन धरणाच्या पाण्याकडे दुधनीच्या बाजूला उतरणाऱ्या फाट्यांवर. कलमे पोचवायला, मजूर आणायला, कधी कोणाच्या घरच्या कार्याला, अशी अकरा वर्षे ही गाडी त्या वाटांनी फिरली. गाडीच्या रुंदीपेक्षा वाट चार बोटे अरुंद, असे तेथे नेहमीच असते.

कोणत्या झाडाने काय केले हे मला पुढे पुढे पाहूनच ओळखू येऊ लागले. करवंदीचा काटा केसासारखी बारीक, सरळ रेघ मारतो. घाणेरीच्या फांद्या रेघ मारत नाहीत, घासतात. तिच्या बारीक काट्यांनी दाराचा मधला पट्टा मंद, धुरकट होऊन जातो. सागाची फांदी लवचीक म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्याचे वाळलेले पान हातात चुरडून पाहावे, म्हणजे ते किती खरबरीत असते ते कळते. सर्वांत वाईट तो तोडलेल्या काटेरी बांबूचा तिरका बुडखा. तो रंग कापतो. खैर आणि बोर यांचा क्रम या दोहोंच्या मध्ये लागतो. एवढे असूनही वनस्पतींची तक्रार मी फारशी करणार नाही, कारण गाडीचे खरे नुकसान झाडे करत नाहीत. ते चाकाखालून उडणारे दगड करतात. त्याकडे पुढे येतोच.

आधी धुण्याविषयी, कारण अर्धे ओरखडे जंगलात पडत नाहीत, घरी परतल्यावर पडतात. आपला सारा मुलूख काळ्या कातळाचा. त्या दगडाची आणि मुरमाची धूळ डोळ्यांना पिठासारखी दिसली तरी तिचा कण टोकदार असतो. गाडी अंगणात लागताच उत्साही मंडळी कोरडे फडके घेऊन धावतात आणि तीच धूळ गोल गोल फिरवून रंगावर घासतात. उन्हात पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती या प्रेमाची. धूळ आधी भरपूर पाण्याने वाहू द्यावी, मग साबणाचे पाणी, मग मऊ कापड. आणि कापड जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद.

मग परीक्षा. आजकालच्या गाडीचा रंग हा एक पदार्थ नसून चार थरांची उतरंड असते. पत्र्यावर रासायनिक प्रक्रिया करून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांवर पारदर्शक लॅकर. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा किंचित अधिक. एवढ्याशा जाडीसाठी माणसे शेजाऱ्याशी बोलणे टाकतात. ओरखड्यावर ओले बोट फिरवावे. ओले असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली तर ती केवळ लॅकरमध्ये आहे. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश यांनी ती बहुतेक जाते, न गेली तरी बिघडत नाही. मग नखाने पाहावे. नख अडखळले तर तो ओरखडा नव्हे, चरा. तळाशी राखाडी वा पांढुरका रंग दिसला तर प्रायमर शाबूत आहे. आठवडाभर थांबले तरी चालेल. आणि तळाशी पत्रा चमकला, तर मात्र हातातले काम टाकून उठावे.

पत्रा उघडा पडणे म्हणजेच टवका. चाकाच्या कमानीची कडा, दाराचा खालचा काठ, पायरीखालचा भाग या त्याच्या जागा. नेमक्या या ठिकाणी वाकून पाहण्याची कोणाला सवय नसते. डोळ्यांच्या पातळीवरची करवंदीची रेघ दिसते, म्हणून तिच्यावर पैसे खर्च होतात. गुडघ्याखालचा मसुराएवढा टवका दिसत नाही, म्हणून तो वाढतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आजूबाजूचा चांगला रंगही आतून उचलतो आणि फोडासारखा फुगवतो. आपल्याकडचा पाऊस पाहता ज्येष्ठात दुर्लक्षिलेला टवका दिवाळीला बोटभर झालेला असतो. उपाय साधा आहे. भोवतीचा सुटलेला रंग खरवडावा, गंज पॉलिश पेपरने पार घासून काढावा, थिनरच्या फडक्याने पुसावे, प्रायमर लावावा, तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात बारीक ब्रशाने द्यावेत आणि वर लॅकर. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो. वाटेत काहीच जवळ नसेल तर टवका पुसून कोरडा करून त्यावर घरातल्या मुलीची नखांची पॉलिश लावली तरी चार दिवस निभते. यात विनोद नाही. नखांची पॉलिश आणि मोटारींचा जुना लॅकर दोन्ही नायट्रोसेल्युलोजचे. ड्यूपाँ कंपनीने १९२० नंतरच्या वर्षांत मोटारींसाठी असा झटपट वाळणारा लॅकर ‘ड्यूको’ या नावाने बाजारात आणला, तोवर गाडी रंगवून वाळवायला आठवडे लागत. ते नाव आपल्या रंगाऱ्यांच्या तोंडी इतके रुळले, की मूळ वस्तू मागे पडल्यावरही ते फवाऱ्याच्या रंगकामाला ‘ड्यूको मारणे’च म्हणत राहिले.

विम्याचे म्हणाल, तर एकेका चऱ्यासाठी दावा करण्यात अर्थ नसतो. दावा न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट पाच वर्षांत वीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांपर्यंत चढते, आणि एका दाव्याने ती शिडी पुन्हा पहिल्या पायरीवर येते. वस्तुतः आपण राहतो तो प्रदेशच एका नुकसानभरपाईपोटी पोर्तुगीजांच्या पदरात पडला. त्यांचे ‘सांताना’ जहाज मराठी आरमाराने १७७२ साली पकडले, १७७९ च्या तहात भरपाई म्हणून गावांचा महसूल तोडून देण्याचे ठरले, आणि नगर हवेली १७८३ साली व दादरा १७८५ साली त्यांच्या ताब्यात गेले. एवढी सढळ भरपाई हल्ली कोणी देत नाही. दाराला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवण्याचीही सोय आता आहे. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून जपण्यासाठी निघालेली ही युक्ती. पूर्ण गाडीला तो पापुद्रा लावण्याचा खर्च मी विचारला, तेव्हा त्या आकड्याने आमच्या बोलेरोच्या किमतीशी उघड स्पर्धा मांडली.

ती किंमत विचारण्याची वेळ २०२४ साली आली. गाडी द्यायची ठरली. जुन्या गाड्यांच्या एका दलालाने तिच्याभोवती फेरी मारून प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवले आणि दर बोटागणिक किंमत उतरवली. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीपाशी आणि दाराखालच्या पट्टीवर गंज होता. दगडांनी ती बाजू अनेकदा फोडली होती आणि वेळोवेळी दिलेले ठिगळ अखेर पुरे पडले नव्हते. तेथे मात्र त्याचे बोट थबकले नाही. “त्याचं काही नाही. लांबी भरून ड्यूको मारून घ्या. नवी दिसेल. पंचवीस हजार जास्त देतो,” तो म्हणाला.

गंजावर लांबी भरली की काय होते हे रंगकाम करणारा प्रत्येक माणूस जाणतो. लांबी ओल धरते, गंज तिच्या आड निवांत वाढतो, आणि दोन पावसाळ्यांनी तळहाताएवढा तुकडा हाती येतो. करवंदीच्या शंभर रेघांना दोष मानायचे आणि हे मात्र ‘काही नाही’ म्हणायचे, हा बाजाराचा न्याय मला कधी समजला नाही. शिवाय दलालाकडून ती गाडी कोणाकडे जाणार हेही उघड होते. अशी गाडी घेणारा शहरातला हौशी माणूस नसतो. डोंगराकडचा, कर्ज काढून पहिले चारचाकी वाहन घेणारा असतो.

सिल्वासातल्या रंगाऱ्याला मी गंजका पत्रा कापून नवा जोडायला सांगितले. “काका, विकायचीच आहे ना? मग एवढं कशाला?” असे त्याने दोनदा विचारले, आणि पत्रा कापला. जोडावर रेड ऑक्साइड लावून झाले, आणि गावाकडे लग्न निघाल्याने तो निघून गेला. रुपेरी रंगाची छटा जुळवणे हे त्याच्याशिवाय कोणाचे काम नव्हते. वैशाखातले दहा-बारा दिवस गाडी तांबड्या ठिगळांसह फिरत होती.

त्याच अवस्थेत ती दुधनीकडच्या एका पाड्यावर लग्नाला गेली. घराच्या भिंती नुकत्याच शेणाने सारवून गेरूने रंगवलेल्या, आणि आत सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिलेला. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदा-कापडावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता ती विमानतळांवरही दिसतात. पाड्यावरचा चौक मात्र टिकण्यासाठी नसतो. पुढच्या सारवणाखाली तो जातो आणि त्याबद्दल कोणी शोक करत नाही. लग्नघरची पोरे गाडीच्या तांबड्या ठिगळावर बोट फिरवून म्हणाली, गेरू! त्यांचे निदान अचूक होते. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, रंगाऱ्याच्या डब्यातला तांबडा रंगही त्याचाच, आणि गंज हाही त्याच कुळातला. फरक इतकाच, की डब्यातला कण लोखंडाशी आपले देणेघेणे पुरते संपवून आलेला असतो. तो तेलात बसून ओलीला आडवा होतो. गंजाचा हिशेब अजून चालू असतो.

गाडी घेतली ती त्याच लग्नात मंडप घालणाऱ्या तरुणाने. त्याचे वडील आमच्या वाडीत कलमे बांधायला येत. मी त्याला आधी गाडीखाली घातले, कोठला पत्रा नवा आणि कोठला जुना ते दाखवले, दाराचे चरे दाखवले. दलालाने सांगितली होती त्याहून कमी किमतीत सौदा झाला, आणि पत्रा जोडण्याचा खर्च माझ्याच अंगावर राहिला. घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. तिचा तपशील वाचकांनी आपापल्या घरावरून ताडावा.

रंगारी परतल्यावर ठिगळे रुपेरी झाली. छटा अर्थातच तंतोतंत जुळली नाही. अकरा वर्षे ऊन खाल्लेल्या रंगाशी ताजा रंग जुळत नाही. उजव्या बाजूच्या, लॅकरपुरत्या असलेल्या रेघा पॉलिशने काढू का, असे रंगाऱ्याने विचारले.

“राहू द्या,” तो तरुण म्हणाला, “उद्या त्याच वाटेनं जायचंय.”

पण जाताना त्याने रंगाऱ्याकडे उरलेला रेड ऑक्साइडचा डबा मात्र मागून घेतला, आणि झाकण नीट बसले आहे ना, ते दोनदा पाहून पायाशी ठेवला.